लाखेचं पॉलिश : कुठे लावावं, कुठे लावू नये

नागपूरच्या बेसा-पिपळा भागात नवं घर लावायला घेतलेल्या माणसासमोर सुतार आज तीन पर्याय ठेवतो : सनमायका, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). घरात आजोबांच्या काळातलं सागवानी कपाट असलं किंवा कोणाचा जुना तंबोरा असला, तरी उत्तर तेच मिळतं. जुनं पॉलिश घासून काढू, वर पीयू मारू, मग दहा वर्षं बघायला नको. बहुतेक जण होकार देतात. त्या घासकामात भुकटी होऊन जे उडून जातं, ते बहुधा लाखेचं पॉलिश असतं. ते काय होतं, ते काढायलाच हवं होतं का, हे विचारायला कोणी थांबत नाही.

लाखेच्या पॉलिशबद्दल आज दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही टोकाची आहेत. फर्निचरवाले म्हणतात, हे जुन्या काळाचं काम झालं. पाणी सोसत नाही, उष्णता सोसत नाही, मजुरी मात्र खाऊन टाकतं. वाद्यवाले म्हणतात, लाखेशिवाय लाकूड बोलतच नाही. मला स्वतःला असं वाटतं, की लाख जुनी झाली म्हणून मागे पडली नाही. ती चुकीच्या जागी लावली गेली आणि शिळी लावली गेली, म्हणून तिचं नाव खराब झालं. तेव्हा हा सगळा प्रश्न मुळापासून पाहायला हवा, आणि त्यासाठी नागपूरइतकी चांगली जागा दुसरी क्वचितच सापडेल. लाखेचं झाड, उत्तम सागवान आणि लाखेची परीक्षा पाहणारं हवामान, तिन्ही इथे आहेत.

फाल्गुनात नागपुरातून उमरेडकडे किंवा भंडाऱ्याकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला दिसतो. लाखेचा किडा ज्या झाडांवर पोसला जातो, त्यांत पळस, बोर आणि कुसुम ही तीन मुख्य. किडा इवलासा. त्याची पिल्लं कोवळ्या फांदीला चिकटतात, सोंड खुपसून रस ओढतात आणि अंगाभोवती राळेसारखा थर स्रवतात. हजारो किड्यांचे थर एकमेकांना चिकटले, की फांदीवर खरबरीत तांबूस कवच तयार होतं. तीच काडीलाख. पळस-बोरीवरच्या लाखेला रंगीनी म्हणतात, कुसुमावरची ती कुसुमी. कुसुमी फिकी असते आणि तिला भावही जास्त मिळतो. विदर्भात गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लाख निघते, ती मुख्यतः पळसावरची. उन्हाळ्यातली होरपळ ही या पिकाची जुनी अडचण. मे महिन्यातल्या झळा किड्यालाच मारतात आणि पुढच्या हंगामाला बियाणं उरत नाही. देशातली बहुतेक लाख आज झारखंड आणि छत्तीसगडमधून येते. तिच्यावरचं संशोधन रांचीजवळ नामकुम इथे 1924 साली सुरू झालेल्या संस्थेत होत आलं आहे.

फांदीवरून खरवडलेली लाख कुटून, धुऊन, चाळून घेतात. धुताना लाल रंग निघतो. हाच रंग कधी काळी लाखेपेक्षा मोलाचा होता. पायाला लावायचा अळता त्याचाच, आणि युरोपात जाणारा मालही आधी रंगासाठीच जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यात बनलेले रंग आले, लाखेच्या रंगाचा व्यापार बसला आणि राळेला महत्त्व आलं. धुतलेल्या दाण्यांचा चपडा करण्याची हातची रीत पाहण्यासारखी असते. लांबच लांब, बारीक कापडी थैलीत दाणा भरतात आणि ती कोळशाच्या भट्टीसमोर धरून एका टोकाने पिळत जातात. लाख वितळून कापडातून पाझरते. ती गरम असतानाच पसरून घेतात आणि मग एक माणूस तो लोळा हातांनी, पायांनी, प्रसंगी दातांत धरूनसुद्धा ताणतो. ताणता ताणता चादरीएवढा पातळ, आरपार दिसणारा पत्रा होतो. थंड झाल्यावर तो चुरला, की झाला चपडा. वितळलेल्या लाखेच्या गोल टिकल्या पाडल्या तर बटन लाख. आता बरंचसं काम यंत्रावर आणि द्रावकांनी होतं. त्यात मेण काढून टाकलेला चपडाही मिळतो. साध्या चपड्यात सुमारे पाच टक्क्यांपर्यंत मेण असतं. नुसतं लाखेचं पॉलिश करायचं असेल तर ते नडत नाही; पण लाखेच्या अस्तरावर पुढे पीयू चढवायचं असेल, तर मेणामुळे वरचा थर धरत नाही. ज्यांचं पीयू पापुद्र्यासारखं सुटतं, त्यांनी एकदा हे तपासावं.

भेसळीचा इतिहास लाखेइतकाच जुना आहे. पूर्वी चपडा पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हरताळ मिसळत. हरताळ म्हणजे सोमलाचं खनिज, थेट विष. स्वस्त राळ मिसळणं तर आजही चालतं. राळ मिसळलेलं पॉलिश सुरुवातीला भरपूर चमकतं, पण थर ठिसूळ होतो आणि नखाने ओरखडला तर पांढरी भुकटी सुटते. शुद्ध लाखेचा थर कठीण असतो, पण असा भुगा होत नाही.

आता काम. सरकारी बांधकामाच्या जुन्या नियमपुस्तकांत फ्रेंच पॉलिशचं प्रमाण दिलेलं असतं : एक लिटर स्पिरिटला साधारण 140 ते 160 ग्रॅम चपडा, आणि गरम न करता विरघळवायचा. हे प्रमाण अजूनही योग्य आहे. आधी लाकडाची रंध्रं खडूच्या भुकटीने भरतात, पॉलिश पेपरने घोटतात. मग कापूस सुती कापडात बांधून त्याचा बोळा करतात. कसब इथून पुढे. बोळ्यात पॉलिश किती घ्यायचं, हे हातालाच कळतं. दाबला तर ओघळ येऊ नये, फिरवला तर मागे ओलसर वाफेसारखी रेषा उमटून लगेच विरावी. आधी सरळ, मग गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरतो आणि तो मध्येच कधी थांबत नाही. थांबला की खालचा थर विरघळतो आणि बोळा तिथेच चिकटतो. तो चिकटू नये म्हणून जवसाच्या तेलाचा एखादा थेंब बोळ्याला लावतात आणि शेवटी जवळजवळ नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ते तेल काढून टाकतात. अनेक दिवसांत, अनेक फेऱ्यांत हे थर चढतात. तरी सगळे मिळून जाडी कागदापेक्षाही कमी भरते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला, व्यापारात ज्याला अजून सी. पी. टीक म्हणतात त्याला, अशा पॉलिशने जी खोली येते ती फवाऱ्याने मारलेल्या थराला येत नाही. पीयूखाली लाकूड काचेआड ठेवल्यासारखं दिसतं. लाखेत रेषा अन् रेषा उजळते, नजर हलली की रंग हलतो.

नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी ते चंद्रपूर जिल्ह्यातून गेलं, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. पण हाच साग आपल्या घरात आला, की आपण त्यावर प्लास्टिकचा जाड थर चढवतो. मला हे खटकतं.

तरीही लाखेची बाजू घेताना तिचे दोष झाकायचे नाहीत. लाख साधारण 65 ते 75 अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि त्याच्या बरीच आधी तिचा कणखरपणा कमी होतो. नागपुरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता. ही सावलीतली हवा. पश्चिमेच्या उन्हात तापलेलं गडद दार किंवा बंद गाडीची डिकी याहून कितीतरी तापते. म्हणून बाहेरच्या दाराला लाख लावणं म्हणजे पैसे वाया. मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या सतारीच्या पॉलिशवर पेटीच्या अस्तराची वीण उमटते, हा अनुभव अनेक वादकांना आहे. पाणी सांडून राहिलं तर पांढरा डाग पडतो. गरम चहाच्या कपाचं वर्तुळ उमटतं. स्पिरिट किंवा कोणतंही मद्य सांडलं तर थरच विरघळतो. साबणाचं खारं पाणी आणि काच पुसायचे अमोनियाचे फवारे लाखेला खातात. 2020 नंतर यात हाताला लावायच्या सॅनिटायझरची भर पडली. ओल्या हातांनी वाद्य उचललं आणि बोटांचे ठसे कायमचे बसले, असं पुष्कळ घरांत घडलं आहे. जेवणाचं टेबल, स्वयंपाकघर, न्हाणीघराजवळची कपाटं, बाहेरची दारं-खिडक्या इथे लाखेचा आग्रह धरू नये. तिथे पीयू खरोखरच चांगलं. हे मान्य केलं, की उरलेल्या जागी लाखेचं म्हणणं ऐकून घेता येतं.

दुसरा दोष लाखेचा नाही, आपला आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. लाख शिळी होते. चपड्याचे रेणू साठवणीत एकमेकांशी जोडले जात राहतात आणि हळूहळू तो स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळेनासा होतो. पांढरी, म्हणजे ब्लीच केलेली लाख तर काही महिन्यांतच बिघडते. उष्णतेने हे सगळं वेगाने होतं, आणि नागपूरच्या गोदामात एक उन्हाळा काढलेल्या चपड्याची ढेकळं बनलेली असतात. बाटलीत विरघळवून ठेवलेल्या पॉलिशचं वेगळंच होतं. तिथे लाख स्पिरिटशीच हळूहळू संयोग पावते आणि असं पॉलिश लावलं तर ते धड वाळतच नाही, दिवसेंदिवस चिकट राहतं. सहा महिन्यांपलीकडचं तयार पॉलिश चांगल्या कामाला वापरू नये. शंका असेल तर काचेच्या तुकड्यावर एक थर द्या, रात्रभर ठेवा आणि सकाळी नख दाबून पाहा. नख रुतलं तर ती बाटली बाजूला ठेवा. इतकी सोपी परीक्षा आहे, पण दुकानातून आणलेल्या तयार डब्यावर तारीख पाहणारे किती? ‘लाखेचं पॉलिश चिकट होतं, आमच्याकडे चालत नाही’ ही तक्रार मी ऐकत आलो आहे, आणि माझी खात्री आहे की त्यातली पुष्कळशी शिळ्या मालाची आहे.

हवामानाचंही गणित आहे. पावसाळ्यात स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि थर दुधाळ होतो. ऐन उन्हाळ्यात स्पिरिट इतक्या झपाट्याने उडतं, की बोळा ओढला जातो. नागपुरात लाखेच्या कामाचा हंगाम दिवाळी ते होळी. या काळात काम दिलं तर कारागिराच्या कसबाला हवेचीही साथ मिळते.

वाद्यांकडे वळलं की मिरज आलंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी आणि मोईनुद्दीन यांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यांचं काम धरलं, आणि मिरजेतून सतारी-तंबोरे देशभर जाऊ लागले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा, तून किंवा सागाची दांडी, तबली, खुंट्या, कोरीव पानं आणि शेवटी लाखेचं पॉलिश अशी ही वाद्यं तयार होत आली. भोपळ्याची साल पातळ, आतून कोरी. बाहेरून चढवलेली लाख तिला रंग देते, हातचा घाम जिरू देत नाही आणि भोपळ्याच्या गोलाईवर बोळा जसा फिरतो तसा ब्रश फिरत नाही. याच मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं मिनिटाला 78 फेऱ्यांच्या ज्या तबकड्यांतून घरोघर गेलं, त्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणाच्या. खाँसाहेबांच्या मागे वाजणाऱ्या तंबोऱ्यावर लाख आणि त्याचा आवाज साठवणाऱ्या तबकडीतही लाख. आपल्या संगीताचं या राळेशी असलेलं नातं किती जवळचं आहे, ते यावरून दिसावं.

युरोपात लाखेचं हे बोळ्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजलं आणि फ्रेंच पॉलिश या नावाने तेच पुढे आपल्याकडे परत आलं. स्पॅनिश गिटारच्या उत्तम कारागिरांत ते आजही पहिल्या पसंतीचं आहे. व्हायोलिनची गोष्ट मात्र वेगळी. व्हायोलिनकार स्ट्रॅडिव्हेरियसच्या वार्निशात लाखेचं रहस्य आहे, असं पुष्कळांना वाटत आलं. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या त्याच्या पाच वाद्यांची तपासणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सापडलं ते साधं तेल आणि पाइनची राळ, लाख नव्हे. जुन्या व्हायोलिनांवर आज जी लाख आढळते, ती बहुधा नंतरच्या दुरुस्त्यांत चढलेली असते. त्यामुळे ‘थोरामोठ्यांनी लाखच वापरली’ हा दाखला व्हायोलिनला लागू होत नाही, आणि लाखेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो देऊ नये.

मग नादाचं काय? कोणताही थर लाकडावर चढला, की तो वजन वाढवतो आणि कंपन थोडं दाबतो. थर जितका जाड आणि जितका रबरासारखा लवचीक, तितका परिणाम जास्त. लाखेचा थर पातळ आणि कठीण, म्हणून ती आवाजाच्या वाटेत कमी येते. तिची खूबी एवढीच. सतारीचा किंवा तंबोऱ्याचा आवाज आधी घडतो तो जवारीत (घोडीच्या घासून बसवलेल्या पृष्ठभागात), तबलीच्या जाडीत आणि भोपळ्याच्या वाळण्यात. जवारी बसलेली नसेल, तर जगातल्या कोणत्याही पॉलिशने तंबोरा बोलणार नाही. उलट तबलीवर पीयूचे जाड हात मारले, तर चांगली जवारीसुद्धा गुदमरू शकते. वाद्याच्या मालकाने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे : पॉलिशने आवाज फारसा सुधारत नाही, पण बिघडू शकतो.

नागपूरच्या घरात वाद्याला आणखी एक गोष्ट सोसावी लागते, ती म्हणजे कूलर. बाहेर मे महिन्याची कोरडीठाक हवा, आत खसाच्या ताट्यांतून येणारा ओला गारवा, आणि रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरड. लाकूड रोज फुगतं आणि आकसतं. लाख हवेतल्या वाफेला बऱ्यापैकी अडवते, पण भोपळ्याची आतली बाजू उघडीच असते. तेव्हा वाद्य कूलरच्या झोतात ठेवू नका. या चुकीला कोणतंही पॉलिश पुरं पडत नाही.

माझ्या लेखी लाखेचा सर्वांत मोठा गुण मात्र नादाचा नाही, चमकेचाही नाही. ती दुरुस्त होते. नवा थर जुन्या थरात थोडा विरघळून एकजीव होतो. सतारीच्या दांडीवर डावा अंगठा जिथे सरकत राहतो, तिथली लाख काही वर्षांत झिजते. कारागीर तेवढ्याच भागावर बोळा फिरवतो आणि सांधा दिसत नाही. वरवरचा पांढरा डाग स्पिरिटने जेमतेम ओलावलेल्या बोळ्याने निघून जातो. पीयूला खोल ओरखडा पडला तर सगळा पृष्ठभाग घासून पुन्हा फवारावा लागतो, आणि दरवेळच्या घासण्यात लाकूड कमी होतं. जुन्या कपाटावरचा पातळ साग किंवा पाव इंचाहून पातळ तबली अशी किती घासणी सोसणार? शंभर वर्षांनी कोणाला मूळ लाकूड पाहायचं असेल, तर लाख स्पिरिटने उतरवता येते. पीयू उतरवायला जळजळीत रसायनं किंवा मशीन लागतं. वारशाने आलेल्या वस्तूवर असं काही करू नये जे पुढच्या माणसाला काढताच येणार नाही.

वाळलेली लाख निरुपद्रवी आहे. औषधाच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटवरही तिचा लेप असतो. पण ती ज्यात विरघळते ते स्पिरिट निरुपद्रवी नाही. विकृत केलेल्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, आणि ते डोळ्यांची दृष्टी नेतं. बंद खोलीत, देवघरातला दिवा तेवत असताना किंवा गॅस चालू असताना हे काम करू देऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा. कारागिराला हातमोजे द्या. तो नको म्हणाला तरी द्या.

गोंदिया-गडचिरोलीच्या पळसावर लाख पिकवणारं आदिवासी कुटुंब आणि बेस्यात सागवानी फर्निचर करून घेणारं कुटुंब, यांच्यात फार तर काही तासांचं अंतर आहे. लाख गौण वनोपजांच्या हमीभावाच्या यादीत आहे, पण हमीभावाला जोर येतो तो गिऱ्हाइकामुळे. नागपूरच्या लकडगंजात साग निवडताना आपण त्याचं वय, गाठी, रेषा निरखून पाहतो. चपडा निवडताना मात्र दुकानदार देईल तो पुडा घेतो. ताजा, मेण काढलेला किंवा साधा, कुठून आलेला, कधीचा, एवढे प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागलं, तर दुकानदार चांगला माल ठेवू लागेल आणि बोळ्याचा हात असलेल्या पॉलिशवाल्यांना कामही मिळेल. हे लोक आता मोजकेच उरलेत, आणि त्यांचं कसब मुलांकडे जात नाही, कारण ते कोणी मागत नाही.

तेव्हा घरात काम काढाल तेव्हा सरसकट एकच पॉलिश ठरवू नका. डायनिंग टेबलला पीयू द्या, बाहेरच्या दारालाही द्या. आजीचं कपाट, देव्हारा, पुस्तकांची मांडणी, दिवाणखान्यातल्या कोरीव खुर्च्या, तंबोरा, सतार, हार्मोनियमची पेटी यांना लाख द्या. जुन्या वस्तूवर काय लावलंय, हे आधी तपासा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटने ओलावलेला कापूस मिनिटभर धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसाला तांबूस रंग आला, तर ती लाखच समजा. मग घासायच्या मशीनला हात लावू देऊ नका. चपडा तुमच्यासमोर, त्याच आठवड्यात विरघळवायला सांगा. आणि काम दिवाळीनंतर द्या.